ही दुसरी हाय

किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं झाली त्या साली, अनंत चतुर्दशीच्या आसपास, उत्रोलीला आमच्या घरी एक मुलगी आणि एक कॅमेरावाला असे दोघं आले. वहिनी मागच्या दारी म्हशीसाठी पेंड कालवत होती. मुलगी चांगल्या घरची, बोलायला गोड. तिनं वहिनीला ओसरीवर बसवलं, पदराला छोटा माइक लावला आणि विचारलं, "काकू, त्या पहाटे तुम्हाला नेमकं काय वाटलं?"

वहिनीनं माइक काढून तिच्या हातात दिला, पेंडीची पाटी उचलली आणि गोठ्यात गेली. परत आलीच नाही. मुलगी थोडा वेळ थांबली, मग माझ्याकडे वळली. म्हणाली, ताई, त्यांना भरून आलं असेल, आम्ही थांबतो, डोळे पुसतानाचं एखादं दृश्य मिळालं तरी चालेल.

मी त्यांना जायला सांगितलं. चहा उकळलेला होता, तोही दिला नाही. आलेल्या माणसाला चहा न देता पाठवण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, वन्सं, तुमीच लिवा की एकदा काय झालं ते, पण नाव कुणाचं घालू नका. म्हणून लिहिते आहे. नावं घालणार नाही. माझा राग मात्र गाळून घेणार नाही, कारण एवढ्या वर्षांत तो काही कमी झालेला नाही.

त्र्याण्णव साली मी भोरला कॉलेजात शिकत होते. त्या पहाटे आमच्या घरात मांडणीवरची भांडी थोडीशी वाजली. आईला वाटलं मांजर असेल. दुपारपर्यंत रेडिओवर सगळं कळलं. माझ्या दादाचा तेव्हा टेम्पो होता. शिवऱ्याच्या आसपासची भाजी तो पुण्याच्या मार्केटात न्यायचा. भोरच्या बाजारपेठेत बेकरी चालवणारे एक चाचा माझ्या वडिलांचे जुने दोस्त. वडील गेल्यावरही दर ईदेला आमच्याकडे डबा पाठवायचे. त्यांनी बाकीची विक्री बंद करून दिवसभर पाव भाजले आणि दादाला टेम्पो घेऊन बोलावलं. दोघं किल्लारीकडे गेले.

परत आल्यावर दादानं टेम्पो दारात लावला. नदीवर जाऊन आंघोळ केली आणि पांघरूण घेऊन पडला. सांगितलं ते चाचांनी, आमच्या ओसरीवर बसून, टोपी हातात घेऊन. त्यांनी पाऊस सांगितला, वास सांगितला, एका सरणावर किती जणांना ठेवत होते ते सांगितलं. ते सगळं तेव्हा पेपरात आलं होतं, मी पुन्हा लिहीत नाही. माझ्या डोक्यात कायमचं बसलं ते वेगळंच. चाचा म्हणाले, वाटेत त्यांचा टेम्पो तासन्‌तास अडकून पडला होता, आणि पुढं ज्या गाड्या होत्या त्यातल्या कितीतरी बघ्यांच्या होत्या. बायकापोरांना घेऊन, डबे घेऊन लोक भूकंप बघायला आले होते. ढिगाऱ्यावर उभे राहत होते. त्या ढिगाऱ्याखाली अजून माणसं होती. एका गाडीवाल्यानं काच खाली करून दादाला विचारलं, सगळ्यात जास्त कुठं पडलंय? महाबळेश्वरला जाऊन एखादा पॉइंट विचारावा तसं.

"आन् पोरी, म्या पाव वाटत हुतो," चाचा मला म्हणाले, "तर त्या गाडीतल्याच एकानं हात फुडं केला. म्हनला, हितं जेवायची सोय काय दिसत न्हाई. म्या दिला त्याला पाव. भुकेल्याला न्हाई कसं म्हनायचं? पर त्याचं त्वांड मी मरूस्तवर इसरायचो न्हाई."

चाचा आता नाहीत. ते तोंड मी पाहिलेलंही नाही. तरी मीही विसरलेले नाही.

दादा त्यानंतर जातच राहिला. कधी पत्रे, कधी भांडी, कधी धान्य. भाजीचा धंदा सांभाळून महिन्यातून एखादी फेरी मारायचा. त्याची पहिली बायको काविळीनं गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरं लग्न करायला तो तयार नव्हता. अशात एकदा आमचे मामा आले. सुपारी कातरत, पाहुण्यांसमोर, आईला म्हणाले, "तिकडं आता बाया लई मिळत्याल. गरजू हायती, जास्त काय मागायच्या न्हाईत. ह्याच्यासाठी बघून टाक एखादी."

मी तिथंच होते. मी म्हणाले, मामा, बैलबाजार भरलाय का तिकडं? मामांनी आईला एवढंच सांगितलं की पोरीला शिकवून चूक केलीस. आई माझ्यावर चिडली. मामांवर नाही.

चीड येते ती याची, की वरवर पाहिलं तर मामा म्हणाले तसंच झालं. दादानं तिकडचीच बायको केली. गावात आजही लोक तसंच समजतात, की टेम्पोतून सामान नेलं आणि येताना बायको आणली. म्हणून खरं काय झालं ते सांगायला हवं.

वहिनी किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. नवरा, सासू, पाच वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. त्यांचं घर माळवदाचं, तिकडं सगळ्यांचं असायचं तसं. हात हातभर जाडीच्या भिंती दगडाच्या, दगडांच्या मध्ये नुसती माती. वर लाकडाच्या फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्या पहाटे ते सगळं खाली आलं. वहिनी वाचली, कारण ती घरात नव्हती. गावात संडास नव्हते, बायका अंधार असतानाच बाहेर जाऊन यायच्या. वहिनी परसाकडे गेली होती. परत वळली तर गावाच्या जागी धूळ होती.

पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांसाठी एकत्र स्वयंपाक व्हायचा, तिथं ती राबत होती. दादा सामान उतरवायचा, ती मोजून घ्यायची. कितीतरी महिने यापलीकडे त्यांचं बोलणं नव्हतं. मग तिथल्या एका म्हाताऱ्यानं दोघांनाही विचारलं. दादा म्हणाला, तिची इच्छा असेल तर. वहिनीनं दादाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली, घरावर काय आहे? दादा म्हणाला, कौलं. आणि भिंती? विटांच्या, मागची बाजू कुडाची. ती म्हणाली, येते.

हे दादानं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. दादाला रचून सांगता येत नाही, म्हणून मी विश्वास ठेवते.

घरात आली त्या दिवशी उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधी तिनं मान वर करून कौलं पाहिली. बायका हसल्या. रात्री ती घरात झोपली नाही. अंगणात पथारी टाकली, पाऊस सुरू झाल्यावर ओसरीवर. आईनं डोक्याला हात लावला, लोक काय म्हणतील, नवी नवरी बाहेर निजते. दादानं आपलंही अंथरूण उचललं आणि ओसरीवर नेऊन टाकलं. त्या काळात आईच्या मनाविरुद्ध त्यानं केलेली ही एकच गोष्ट. पुढं करायला हव्या होत्या तेव्हा त्यानं केल्या नाहीत. त्याबद्दलही लिहिणारच आहे.

गावानं तिला नाव ठेवलं भूकंपवाली. तोंडावर नाही, पण ती विहिरीवर असताना तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. हळदीकुंकवाला आमच्या घरी आमंत्रण यायचं ते आईला आणि मला. लग्नात हळद कुटायला तिला कुणी हात लावू देत नसे. शेजारच्या एका बाईचं तान्हं मूल वहिनीनं घ्यायला हात पुढं केला, तर त्या बाईनं खांदा फिरवला. मी पाहिलं ते. वहिनीनं हात पदरात घेतले आणि काही झालंच नाही अशी धुणं पिळायला लागली.

आणि हेच लोक दुपारी येऊन बसायचे ऐकायला. कसं पडलं गं, आवाज आला का गं, तू कशी वाचलीस गं. वहिनी खाली मान घालून काहीतरी निवडत बसायची आणि आई तिच्या वतीनं उत्तर द्यायची. देवानं वाचवली तिला, आमच्यासाठी ठेवली.

एके दिवशी अशाच बायका जमल्या होत्या. आईनं तेच वाक्य म्हटलं. वहिनीनं सूप खाली ठेवलं.

"देवानं नाई," ती म्हणाली. "मी परसाकडं गेल्ते. म्हणून वाचले. देवानं वाचवायचं म्हणलं असतं तर लेकरं वाचवली नसती का?"

कुणीतरी फिसकन हसलं. आईनं नंतर तिला बजावलं की असलं चारचौघीत बोलायचं नाही. मला स्वयंपाकघरात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यानंतर दुपारच्या बायका यायच्या बंद झाल्या. हळदीकुंकवाचं आमंत्रण मात्र तरीही आलं नाही.

मग मुलाचा विषय निघाला. धाकट्या मुलाच्या वेळी वहिनीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. आईला हे लग्नाआधी माहीत होतं. कुणाकडून तरी तिला कळलं की भूकंपात ज्यांची मुलं गेली त्या बायकांची नस पुन्हा जोडून देतात आणि सरकार त्याची सोय करतं. आईनं ते धरलं. सकाळी चुलीपाशी तेच, संध्याकाळी दिवा लावताना तेच. वहिनी चुलीतली लाकडं पुढं सारायची. दादा जमिनीकडे बघत जेवायचा आणि उठायचा. मी त्याला एकदा विचारलं, तू का बोलत नाहीस? तो म्हणाला, मी काय बोलू, आईचं पण खरं आहे. मला त्याच्या पाठीत काहीतरी मारावंसं वाटलं. तिच्यासाठी ओसरीवर झोपणारा माणूस हाच का, असं वाटलं.

भाताची बेणणी चालू होती. आम्ही दोघी तण उपटायला चिखलात वाकलेल्या. वहिनी वर न बघता म्हणाली, जाऊन येऊ वन्सं, तुमी चला संगं.

पुण्यातल्या एका दवाखान्यात आम्ही राहिलो. वॉर्डात तिच्यासारख्याच बायका होत्या, सगळ्या त्याच भागातल्या, सगळ्या त्याच कामाला आलेल्या. मी त्या वॉर्डात वहिनीला पहिल्यांदा मोकळं बोलताना पाहिलं. त्यांच्या बोलीत, भराभरा, एकमेकींची वाक्यं तोडत. कुणाचं घर कुठल्या आळीत होतं, कुणाची सून कुणाच्या नात्यातली. एकीचा नवरा रोज भेटीच्या वेळी दारात यायचा आणि तिथूनच विचारायचा, झालं का? ती बाई त्याची नक्कल करायची, गिरणीत दळणाचं विचारल्यावानी विचारतंय बगा. वहिनी हसली. आमच्या घरात इतके दिवस राहून ती कधी तशी हसली नव्हती, आणि हसली ती अशा जागी.

डॉक्टर फेरीला यायचे. मनानं वाईट नव्हते. प्रत्येक खाटेपाशी उभं राहून तक्ता बघत विचारायचे, तुमची किती गेली? बाई सांगायची, तीन. पुढच्या खाटेवर, तुमची किती? दोन. एका सुरात. मला वाटायचं, थांबा जरा, निदान एखाद्या खाटेपाशी तरी थांबा.

ऑपरेशननंतर एक मोठे पाहुणे वॉर्डात आले. संगतीला फळांच्या टोपल्या आणि दोन फोटोग्राफर. पाहुण्यांनी वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता पुन्हा घर भरेल हो. फोटोवाला तिला म्हणाला, ताई, वर बघा, थोडं हसा. वहिनीनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. पाहुण्यांचा हात चादरीवर तसाच राहिला. शेजारच्या खाटेवरची ती नक्कल करणारी बाई अगदी शांतपणे म्हणाली, "फोटू झाला आसंल तर सरका सायेब. आमची जेवायची येळ झाली."

घरी येताना एसटीत वहिनी खिडकीपाशी बसली होती. कात्रजचा घाट उतरल्यावर म्हणाली, "वन्सं, माझं पोट म्हंजी काय कणगी हाय का? रिकामी झाली की भरायची?"

तिला मूल नको होतं असं नाही, हेही सांगायला हवं. नंतर ती म्हणाली होती की हवं होतं, पण मला हवं असायला जरा वेळ द्यायचा होता. तो कुणी दिला नाही. एकाही घरानं त्या बायकांना तो दिला असेल असं मला वाटत नाही.

दोन-अडीच वर्षांनी तिला दिवस गेले आणि भोरला मुलगी झाली. आईला आकाश ठेंगणं झालं. पहिल्या दिवसापासून ती म्हणायला लागली, तीच परत आली. नाक बघा तिचं, अगदी तिचंच. आईनं वहिनीच्या त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोटोही नव्हता, असलाच तर मातीत गेला. तरी आई येणाऱ्या जाणाऱ्याला नाक दाखवायची.

बारशाच्या आदल्या दिवशी आईनं मला सांगितलं की नाव ठरलंय. भूकंपात गेलेल्या मुलीचं नाव. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं, म्हणजे माझं. मी वहिनीच्या खोलीत गेले आणि तिला हे सांगितलं. ती बाळाला पाजत होती. तिनं बाळाच्या टाळूवरून हात फिरवला.

"वन्सं, ते नाव घेऊ नका," ती म्हणाली. "ते तिचं हाय. सगळ्यांनी परत आली, परत आली म्हणलं, तर मग गेली म्हणून तिला कोण म्हणणार? ती आली नाई. ती तिथंच हाय. ही दुसरी हाय."

मी विचारलं, मग कुठलं घेऊ? ती म्हणाली, दुसरं कुठलंबी चालंल, तुमाला आवडंल ते घ्या.

बारशाला ओसरी भरली होती. ज्या बाईनं आपलं मूल वहिनीपासून फिरवलं होतं तीही घुगऱ्या खायला आलेली. पाळणा हलवला, गाणी झाली, मी वाकले आणि बाळाच्या कानात दुसरंच नाव सांगितलं. वाकेपर्यंत मलाही नक्की माहीत नव्हतं कुठलं. मग उभी राहून ते मोठ्यानं म्हटलं. आईचा चेहरा पांढरा पडला. नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडे रीत आहे. बायका हसत हसत घालतात. त्या दिवशी आईनं घातलेला धपाटा रीतीपुरता नव्हता. कितीतरी दिवस पाठ दुखत होती.

आई माझ्याशी महिनोन्‌महिने बोलली नाही. आणि बाळाला मात्र ती त्या जुन्याच नावानं हाक मारत राहिली. वहिनी त्या नावाला ओ द्यायची नाही, बाळाला उचलूनही द्यायची नाही. भांडणही करायची नाही. ऐकूच न आल्यासारखी करायची. पोरगी बोलायला लागली तेव्हा एके दिवशी आजीनं तशी हाक मारली आणि ती अंगणातूनच म्हणाली, "मी न्हाई ती." त्या दिवसानंतर आईनं ते नाव सोडलं. दादा ओसरीवरच होता. तो उठला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि बारशात ठेवलेल्या नावानं तिला हाक मारत मळ्याकडे घेऊन गेला. त्याला एवढं करायला तीन वर्षं लागली, पण केलं.

आईच्या शेवटच्या काळात तिची एक बाजू गेली होती. सगळं वहिनीनं केलं. कूस बदलणं, भरवणं, धुणं. आई तिला एकदाही म्हणाली नाही की माझं चुकलं. मी वाट पाहत होते. मला वाटत होतं, निदान एकदा म्हणेल. नाही म्हणाली आणि गेली. मेलेल्या आईवर राग धरू नये म्हणतात. मी धरलेला आहे. वहिनीला विचारलं तर म्हणते, जाऊ द्या वन्सं, मला येळ नाई तेवढा.

मी पुढं वेल्ह्याकडे शिक्षिका झाले. नोकरीची शेवटची वर्षं पासलीच्या शाळेत काढली. मुदतीआधीच निवृत्ती घेतली, त्याच्या आदल्या पावसाळ्यात पासलीच्या वर डोंगरात असलेल्या एका वस्तीच्या डोक्यावर जमिनीला भेगा पडल्या. तिथली घरं रिकामी करून माणसं आमच्या शाळेत आणून ठेवली. पाऊस थांबत नव्हता, वर्गात ओली पोरं, म्हातारी माणसं, शेळ्या. मी वहिनीला फोन केला की स्वयंपाकाला हात कमी पडतायत. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, स्वतःची मोठी परात आणि झारा घेऊन.

मला वाटलं होतं ती त्या बायकांजवळ बसेल, दोन शब्द बोलेल. तिनं तसलं काही केलं नाही. आल्या आल्या विचारलं, बायका कुठं जातेत? शाळेचे संडास कुलूपबंद होते. किल्ली कुणाकडे तरी वेल्ह्याला होती आणि तो माणूस फोन उचलत नव्हता. गावातला एक पुढारी म्हणाला, एवढं काय, चार दिवसांचा प्रश्न आहे, बायका जातील शेताच्या कडेनं. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, अंगणातला एक दगड उचलला आणि कुलूप तोडलं. पुढारी म्हणाला, सरकारी मालमत्ता आहे. ती म्हणाली, लिवून घ्या माझं नाव. त्यानं लिहून घेतलं नाही.

दुपारी पुण्याकडून दोन गाड्या आल्या. तरुण मुलं होती, एकसारखे टी-शर्ट घातलेली. त्यांनी व्हरांड्यात कपड्यांची गाठोडी उतरवली, कापडी फलक बांधला आणि वस्तीतल्या एका म्हातारीला फोटोसाठी पुढं बोलावलं. वहिनीनं एक गाठोडं सोडलं. गुंड्या तुटलेले शर्ट, काखेत फाटलेली पोलकी, जरीचा कुर्ता, एकाच पायाची उंच टाचेची चप्पल. तिनं दुसरं सोडलं. तेच.

"हे परत भरा गाडीत," ती म्हणाली.

त्यातला पुढचा मुलगा ओशाळला. म्हणाला, काकू, लोकांनी प्रेमानं दिलंय हो.

"प्रेमानं दिलं असतं तर धुऊन दिलं असतं. आमाला शेडात असलंच आलं होतं. बिनगुंड्याचा गाऊन घालून मी शंभर माणसाचा सयपाक केलाय, अन् त्याचा फोटू पेपरात छापला तुमच्यासारख्यानं. भरा बाबा. तुमी लेकरं चांगली हाव, पण हे भरा."

मुलांनी मुकाट्यानं गाठोडी परत चढवली. फलकही सोडला. एकानं मात्र जाता जाता विचारलं, मग काय आणू? वहिनीनं त्याला सांगितलं, प्लास्टिकचा जाड कागद आण, बायकांसाठी नवे परकर आण, तांदूळ नको, तांदूळ हितं पिकतोय, तेल आण. तो मुलगा चार दिवसांनी एकटाच सगळं घेऊन आला, फोटो न काढता चहा पिऊन गेला. त्याला मी चहा दिला, हे आवर्जून लिहिते.

डोंगर त्या वर्षी खाली आला नाही. माणसं दसऱ्याच्या सुमाराला आपापल्या घरी गेली. त्यांना दुसरीकडे जागा देऊ म्हणून सांगितलं होतं. ती अजून मिळालेली नाही. दर पावसाळ्यात मी तिथल्या बायकांना फोन करते आणि दर वेळी त्याच भेगेखालून त्या मला बरं आहे म्हणतात. तेव्हा माझं डोकं फिरतं आणि मी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात जाऊन बसते. तिथले लोक आता मला ओळखतात. बाई आल्या, असं म्हणून पंखा लावतात.

शाळा रिकामी झाली त्या दिवशी मी आणि वहिनी एसटीनं परत निघालो. वेल्हे मागं पडलं. भाताच्या लोंब्या भरल्या होत्या. वहिनीच्या मांडीवर परात होती, तिच्यावर तिनं दोन्ही हात ठेवले होते.

"ती माती लई खायची," वहिनी म्हणाली. मला कळायला क्षणभर लागला की ती कुणाबद्दल बोलते आहे. इतक्या वर्षांत तिनं त्या मुलीचं काहीच मला सांगितलं नव्हतं. "भिंत नखानं खरवडायची अन् खायची. पावसाळ्यात भिंतीला वास सुटायचा ना, तवा तर लईच. कोपऱ्यात ही एवढी खळगी पाडली होती तिनं. मी मारायची तिला."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो ठेवू दिला. मुलाबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. नसरापूर आलं, कापूरहोळ आलं, माणसं चढली उतरली.

भोरच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं परात कमरेवर घेतली, झारा पिशवीत खोचला. म्हणाली, चला वन्सं, बिगी बिगी, तुमच्या दादाला म्हैस धार काढू देत नाई. आणि उत्रोलीच्या रस्त्याला लागली.